उधारीची अक्षरं

संगणकातल्या प्रत्येक फाँटच्या पोटात माहितीचे काही रकाने असतात. फाँटचं नाव, आवृत्ती, परवाना आणि आकार घडवणाऱ्याचं नाव. विद्यार्थिदशेत मी 'जळोची' नावाचा एक देवनागरी टाइपफेस केला. त्याच्या त्या रकान्यात माझं एकटीचं नाव आहे. कायद्यानं ते बरोबरच आहे. पण ते नाव तिथे ज्यांच्या जिवावर बसलं, त्यांची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून हे लिहितेय.

जळोची म्हणजे बारामतीला चिकटलेलं आमचं गाव. आता ते नगरपालिकेच्या हद्दीत आहे. वडील एका अडत्याकडे दिवाणजी होते, आधी बारामतीत आणि नंतर जळोचीच्या बाजार आवारात. पुण्यात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला मी टायपोग्राफी हा विशेष विषय घेतला, तेव्हा घरात कुणालाच तो इतरांना समजावून सांगता येईना. आईनं शेजारणीला सांगून टाकलं, "कम्प्युटरची अक्षरं काढायला शिकतीय." याहून नेमकं मलाही आजवर सांगता आलेलं नाही.

वर्षाचा मुख्य प्रकल्प म्हणजे स्वतःचा नवा टाइपफेस. मी वर्णमालेचा तक्ता पुढे घेऊन बसले होते. सरांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "तक्ता नको. गावाचं नाव काढ." मी 'जळोची' लिहिलं. त्यांनी त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि देवनागरीतली घराणी दाखवली. ज, च, प, त या अक्षरांना उजव्या अंगाला दंड. क आणि फ यांना मधोमध दंड. ट, ड, ह, ळ यांना दंडच नाही. ती शिरोरेषेखाली आखूड देठाला लोंबतात. माझ्या गावाच्या नावात दंडवाली दोन अक्षरं होती, बिनदंडाचं एक होतं, शिवाय काना, मात्रा आणि दुसरी वेलांटी. टाइपफेसची निम्मी हाडं तिथेच ठरणार होती: दंड किती जाड, पोट किती गोल, शिरोरेषा किती भरीव, मात्रा किती झुकलेली. "ही तीन अक्षरं एका हातची वाटली, की पुढचं दाखवायला ये," एवढं बोलून सर दुसऱ्या टेबलाकडे वळले.

ज आणि च लवकर जमले. ळ काही बधेना. प्रमाण हिंदीला ळ लागत नाही. त्यामुळे देशभर विकल्या जाणाऱ्या कितीतरी फाँटांत तो उपरा दिसतो. दोन सारखी वर्तुळं शेजारी ठेवायची, मधे देठ लावायचा, झाला ळ. आमच्या बाजारात मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. डाळिंब, केळी, गूळ, तांदूळ, तीळ, सगळ्यांत तो हजर. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर मी पेंटरकाकांचा ओटा गाठला.

गावात ऑइलपेंटनं लिहिलेलं जे जे होतं, ते त्यांच्या हातचं. दूध संकलन केंद्राचा बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीतली चिन्हं, विहिरीच्या कठड्यावरचं साल. शाळेत असताना इंटरमीजिएट परीक्षेचं अक्षरलेखन मी त्यांच्याच ओट्यावर गिरवलं होतं. शिकवणीचे पैसे विचारले की म्हणायचे, "टरपीन आणून टाक बाटलीभर." ती बाटलीही त्यांनी कधी नेटानं मागितली नाही.

ळ अडलाय म्हटल्यावर त्यांनी जुना पत्रा भिंतीला टेकवला. निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणली, मधे चिमटीत धरून सोडली. पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटली. त्यांनी चपटा ब्रश डब्याच्या काठावर दोन्ही अंगांनी निपटला, मनगट काठीवर टेकवलं आणि रेघेपासून खाली देठ ओढला. तिथून ब्रश न उचलता डावीकडचं पोट घेतलं, मध्यावर परत आले आणि त्याच श्वासात उजवीकडे वळले. उजवं पोट जरा मोठं निघालं, त्याचं टोक वर येऊन हलकेच सुटलं.

"दोनी पोटं सारखी केलीस की चष्म्यावाणी दिसतंय," ते म्हणाले. "डावं लहान ठिवायचं. अन् अक्षर वरनं टांगतंय, पोरी. खालनं टेकवाया गेलीस की जड हुतंय."

त्यांच्या बोलण्यात एक अख्खं प्रकरण होतं. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी राहतात, आपली शिरोरेषेला लोंबतात. अक्षरं रचण्याची बहुतेक सॉफ्टवेअरं रोमन डोळ्यासमोर ठेवून घडलेली. त्यांच्यात काम करताना हात नकळत तळाकडे ओढ घेतो आणि अक्षरांचे पाय सुजतात. जाडबारीकपणाचंही तेच. रोमन लिहिणाऱ्या रुंद टोकाच्या लेखणीनं डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. आपल्या बोरूचा काप उलटा, म्हणून आपल्याकडे तीच रेघ बारीक आणि उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. पेंटरकाकांनी बोरू कधी हातात धरला असेल असं वाटत नाही. पण त्यांच्या ब्रशला तो काप ठाऊक होता. पत्र्यावरचा ळ मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून पुण्याला नेला. 'जळोची'मधला ळ आज ज्या बांध्याचा आहे, तो त्या पत्र्याचा आहे.

पुढचा प्रश्न चाचणीच्या मजकुराचा होता. नवा टाइपफेस तपासायला सलग मजकूर लागतो आणि वर्गात सगळे वर्तमानपत्रातले उतारे लावत होते. मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांची यादी लावली. सर आधी हसले, मग यादी वाचत गेले तसे खुर्ची ओढून बसले. झारगडवाडीत झ, ढेकळवाडीत ढ, खांडजमध्ये ख, भिगवणमध्ये भ आणि ण. निमगाव केतकीत म आणि भ यांच्या घरची गाठ कितपत घट्ट ठेवायची ते कळतं. शेजारच्या रुईनं वेगळंच काम लावलं. 'र'ला उकार खाली लागत नाही, कमरेत शिरतो. आणि रु, रू यांतला फरक बारीक छपाईतही दिसला पाहिजे. शिर्सुफळ तर परीक्षेचा पेपरच. एकट्या 'स'च्या डोक्यावर रफार आणि पायाशी उकार, मागे वेलांटी घेतलेला श, पुढे फ आणि शेवटी पुन्हा माझा ळ.

सगळ्यांत जास्त रात्री कऱ्हावागज या नावानं खाल्ल्या. मराठीत अर्ध्या 'र'ची दोन रूपं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा, 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'मध्ये येणारा छोटा वळसा बाकीच्या भाषांना फारसा लागत नाही, म्हणून बऱ्याच फाँटांत तो तुटका निघतो किंवा निघतच नाही. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे. पण सोय असणं वेगळं आणि आकार नीट बसणं वेगळं. वळसा शिरोरेषेला चिकटून हवा, पुढच्या 'ह'ला टेकायला नको आणि लहान अक्षरांत भरूनही जायला नको. बारामतीच्या माणसाला आपल्याच कऱ्हा नदीचं नाव मोडकं दिसणार असेल, तर टाइपफेसला 'जळोची' म्हणण्यात काय अर्थ?

त्या कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहिले. ओठांनी उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरं वगळून त्यांनी निरोष्ठ रामायण रचलं. एकेका वर्णाशी इतकी सलगी असलेला हा कवी १७९४ साली गेला. विल्यम केरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं ते १८०५ साली. मराठी अक्षरांचा छापील चेहरा पंतांच्या दृष्टीस पडला नाही. यादीत मी त्यांचंही नाव घातलं. म, र, प आणि त ही चार घरं एका शब्दात तपासून होतात, आणि वर अनुस्वारही मिळतो.

अक्षरं रांगेला लागल्यावर आकडे आले आणि आकड्यांचं देणं वडिलांचं. माल विकला गेला की शेतकऱ्याला पट्टी मिळते. तिच्यावर डागांची संख्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं आणि शेवटी हाती येणारी रक्कम, आकडी आणि अक्षरी. वडील कार्बन घालून तीन प्रती करायचे. तिसरी प्रत इतकी फिकी निघायची की घाईत लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत मिसळावेत. एका आकड्याच्या फरकानं शेतकऱ्याचा दिवस वाया जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांच्या १चं डोकं बंद आणि शेपूट लांब, तर ९ची वरची आकडी चांगली रुंद आणि मोकळी. मी माझे दहा आकडे छापून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि कागदावर उभ्या रेघा मारल्या. "एकंखाली एकं येतंय का? दहंखाली दहं?" येत नव्हतं, कारण १ मुळातच सडपातळ आणि मी त्याला तसाच ठेवला होता. "मग बेरीज कशी मारायची?"

टायपोग्राफीच्या पुस्तकात याला स्वतंत्र नाव आहे आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी सगळे आकडे एकाच रुंदीचे करावेत असा नियमही आहे. मला तो नियम दिवाणजीनं शिकवला. 'जळोची'चे आकडे त्या दिवसापासून एकाच रुंदीत आहेत आणि १ आणि ९ वडिलांच्या वळणाचे आहेत. अक्षर सुंदर आहे की नाही हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. फसवत नाही, एवढंच म्हणाले. बाजारात याहून मोठी शाबासकी नसते.

अक्षर आणि आकडा जमला, तरी शब्द जमायचा राहतो. तिथे आबा आले. बारामतीच्या एका जुन्या छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेले हे कंपोझिटर वडिलांचे स्नेही. छपाईचं ट्रेडल यंत्र बंद पडून वर्षं झाली होती, पण लाकडी खण अजून भिंतीला लागून होते. लग्नपत्रिकेचा मजकूर ते सोडायचेच नाहीत. फर्मा तसाच बांधून ठेवायचा, फक्त नावं आणि मुहूर्त बदलायचा. त्यामुळे 'चि.' आणि 'सौ. कां.'चे खिळे झिजून गोल झालेले. त्यांनी मला वेलांटीचा खिळा दाखवला. तिचा वरचा बाक खिळ्याच्या अंगाबाहेर येतो आणि शेजारच्या अक्षरावर झुकतो. दाब जरा जास्त झाला की तेवढाच तुटतो. संगणकात काही तुटत नाही, पण वेलांटी शेजारच्या अक्षरावर कितपत झुकवायची हे मी त्या खिळ्यावरून ठरवलं.

माझी गावांची यादी त्यांनी हातात घेतली आणि सरळ उलटी धरली. कंपोझिटर खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये मजकूर उलटाच वाचतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला म्हणाले, "असं धरलं की अर्थ गळतो. काळं आणि पांढरं तेवढं उरतं. आता सांग, कुठे दाटी झालीय?" मी पाहिलं. 'ळो'मध्ये पोट आणि काना यांच्यामध्ये पांढरी फट पडली होती, आणि 'शिर्सु'मध्ये सगळी शाई एका जागी गोळा झाली होती. "शब्दात हवा खेळली पाहिजे. पण वारा सुटता कामा नये," आबा म्हणाले. अक्षरांतलं अंतर मी पुढे महिनोन्महिने बसवत राहिले, कागद उलटा धरून. आजही कुठल्याही कामाची छपाई मी आधी उलटी पाहते, मग वाचते.

ज्यांना भेटता आलं नाही अशांचंही देणं आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ होता. भाषा संचालनालयानं १९७१ मध्ये तो तीन खंडांत काढला. त्यात मला जावजी दादाजी भेटले. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली पोरवयात टाइप घासणारा हा मुलगा पुढे निर्णयसागर छापखान्याचा मालक झाला. निर्णयसागरच्या ज्या अक्षरांनी मराठी आणि संस्कृत वाचकांच्या पिढ्या घडवल्या, ती अक्षरं पोलादात कोरणारे राणोजी रावजी आरू. छापखान्याचं नाव घरोघरी पोचलं, आरूंचं नाव मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

आणि र. कृ. जोशी. १९३६ साली जन्मलेला हा माणूस जाहिरातीच्या जगातून आला, पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यानं विद्यार्थी घडवले, आणि विंडोजमधून घरोघरी पोचलेला 'मंगल' हा फाँट त्याच्या हातचा. सरकारी कचेरीत, सायबर कॅफेत, सातबाऱ्याच्या रांगेत माझ्या पिढीनं मराठी पडद्यावर पाहिलं ते बहुतेकदा त्याच अक्षरांत. जोशीसर २००८ मध्ये गेले. माझी भेट झाली नाही. पण आमचे सर त्यांच्याच परंपरेत वाढलेले. अक्षर आधी हातानं लिहा, तोंडानं म्हणा, मग पडद्यावर न्या, हा क्रम माझ्यापर्यंत आला तो तिथून. मुंबईच्या 'एक टाइप' या गटानं 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' यांसारखे टाइपफेस मुक्त परवान्यानं देऊन टाकले. फाइल उघडून आतली रचना पाहायला मिळाली नसती, तर रफार आणि मात्रा अक्षरावर आपोआप कशा बसतात हे मला कुणा महागड्या वर्गात जाऊनच शिकावं लागलं असतं.

वर्षाअखेरीस बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी ट्रेसिंग पेपर पाहिला, पट्ट्या पाहिल्या, उलट्या धरून खुणा केलेले कागद पाहिले आणि विचारलं, "ळ पेंटरचा, आकडे वडिलांचे, अंतर कंपोझिटरचं. मग यात तुमचं काय?"

प्रश्न खोचक नव्हता, खरा होता. आणि उत्तर माझ्याकडे होतं, कारण वर्षभर मी तेच करत होते. हे तीन हात एकमेकांशी जुळत नाहीत. पेंटरकाकांचं अक्षर लांबून, चालत्या ट्रॉलीवर वाचण्यासाठी. भरघोस, रुंद, जाडबारीक. वडिलांचा आकडा बॉलपेनचा, सगळीकडे एकाच जाडीचा, फिक्या कार्बनवर टिकणारा. आबांचं वळण शिशाचं, अरुंद, कागद वाचवणारं. ही तिन्ही एका ओळीत ठेवली की भांडतात. ब्रशचा डौल ठेवायचा पण बारीक रेघ इतकी बारीक होऊ द्यायची नाही की तिसऱ्या प्रतीत ती नाहीशी व्हावी. आकड्याचा सरळपणा ठेवायचा पण शेजारच्या अक्षराच्या वजनाला आणायचा. शिरोरेषा पत्र्यावर शोभेल इतकी जाड नको आणि पट्टीवर हरवेल इतकी पातळही नको. कुणाचं किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हा निर्णय शेकडो आकारांत शेकडो वेळा घ्यावा लागला. तेवढं माझं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. अक्षराच्या धंद्यात कोऱ्या पाटीवर कुणीच बसत नाही. क आधीपासून क असतो. तो बदलला तर वाचता येणार नाही. नवेपण असतं ते जुन्या हातांचा हिशेब नीट जुळवण्यात. ज्याला आपण कुणाकुणाचं देणं लागतो हे ठाऊक नसतं, त्याचा टाइपफेस बहुतेक वेळा शेजारच्या फाँटची नक्कलच निघतो.

'जळोची' मी मुक्त परवान्यानं देऊन टाकला. जे उधार मिळालं ते विकायला मन घेईना. आमच्या अडत्याच्या संगणकावर निघणारी पट्टी आता त्यात छापली जाते. पेंटरकाकांच्या मुलाचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच्याकडे तो फाँट आहे, म्हणजे बापाचा ळ फिरून घरी गेला. आबा राहिले नाहीत. त्यांच्या छापखान्यातले खिळे शिशाच्या भावानं वजनावर गेले, आणि त्यातल्या निम्म्या अक्षरांचा ठसाही कुणाजवळ नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावात एखाद्या बंद छापखान्यात खिळे पडून असतील, तर ते भंगारात देण्याआधी प्रत्येक खणातल्या अक्षरांचा एक ठसा शाईनं कागदावर घ्या. दुकानाचा हातानं रंगवलेला बोर्ड उतरवून फ्लेक्स लावणार असाल, तर आधी समोरून, उजेडात त्याचा एक फोटो काढा आणि पेंटरचं नाव त्यामागे लिहून ठेवा. ते कागद जवळच्या कला महाविद्यालयात नेऊन द्या. तिथे एखादा मुलगा किंवा मुलगी एका अक्षरापाशी अडून बसलेली असतेच.